धनेशाचं सगळं अडतं ते ढोलीपाशी

एप्रिल उजाडला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. घोडबंदर रोडवरच्या कुणाच्या तरी खिडकीतून काढलेला, थोडा हललेला. उंबरावर बसलेला करड्या रंगाचा, लांब शेपटीचा, वाकड्या चोचीचा पक्षी. खाली मजकूर: ‘आपल्याकडे हॉर्नबिल आला!’ थोड्या वेळात दुसरं कुणीतरी इंटरनेटवरून उचललेला फोटो टाकतं. त्यात पिवळीजर्द अवाढव्य चोच, डोक्यावर शिरस्त्राण, काळे-पांढरे पंख. मग सगळे म्हणतात, हाच तो.

हाच तो नव्हे. पहिला आपला राखी धनेश. शेपटी धरून जेमतेम दोन फुटांचा, वजनाला अर्ध्या किलोच्या आत. तो पानगळीच्या जंगलात राहतो, येऊरला दिसतो, आणि जुनी झाडं शिल्लक असतील तर शहरातही निभावून नेतो. दुसरा महाधनेश, इंग्रजीत ग्रेट हॉर्नबिल. लांबी साडेतीन-चार फूट, पसरलेले पंख पाच फूट, वजन तीन किलोच्या आसपास. याला दाट, दमट, उंच झाडांचं जंगल लागतं. पश्चिम घाट, हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत आणि तिथून पुढे म्यानमार, थायलंड करत थेट सुमात्रापर्यंत त्याचा पसारा आहे. केरळ आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचा तो राज्यपक्षी. आपल्या कोकणात काही ठिकाणी त्याला ‘गरुड’च म्हणतात, त्यामुळे तिकडच्या माणसाने ‘काल गरुड बघितला’ म्हटलं तर आधी चोच कशी होती ते विचारावं.

भारतात धनेशाच्या एकूण 9 जाती आहेत. त्यातल्या चार महाराष्ट्रात दिसतात: राखी धनेश, मलबारी राखी धनेश, ककणेर आणि महाधनेश. आकार, रंग, आवाज सगळं वेगळं. पण संसार करण्याची रीत मात्र सगळ्यांची एकच आणि ती इतकी विचित्र आहे की ती समजली की या पक्ष्याचं बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. हा लेख मुख्यतः तेवढ्यासाठीच आहे. पण आधी महाधनेशाची थोडी ओळख करून घेऊ.

मुंबईचा सगळ्यात प्रसिद्ध महाधनेश जंगलात राहत नव्हता, फोर्टात राहत होता. त्याचं नाव विल्यम. 1894 साली कारवारहून पिल्लू असताना तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव हर्बर्ट फिप्सन यांच्याकडे आला आणि अपोलो स्ट्रीटवरच्या सोसायटीच्या कचेरीत 1920 पर्यंत, म्हणजे तब्बल 26 वर्षं, मुक्कामाला राहिला. फळं, जिवंत उंदीर, विंचू, कच्चं मांस, काहीही आवडीने खायचा. लांबून फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत अचूक झेलायचा. पाणी म्हणे पीत नसे. शेवटी तारेचा तुकडा गिळला आणि त्यात गेला. सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही महाधनेश आहे आणि लायन गेटसमोरच्या तिच्या इमारतीचं नावही हॉर्नबिल हाउस आहे. विल्यमच्या दोन सवयींचं कारण मात्र गमतीचं नाही, शरीररचनेचं आहे. महाधनेशाची जीभ इतकी आखूड की चोचीच्या टोकात धरलेलं फळ तिला पोचत नाही. म्हणून तो मानेला झटका देऊन फळ हवेत उडवतो आणि थेट घशात झेलतो. जन्मभर हेच करणाऱ्याला चेंडूचं काय कौतुक! आणि रसाळ फळांमधूनच पाणी मिळत असल्यामुळे त्याला ते वेगळं प्यायची फारशी गरज पडत नाही.

डोक्यावरचं ते शिरस्त्राण दिसतं जड, असतं हलकं. आत हाडांची पोकळ जाळी, वर आपल्या नखांसारख्या द्रव्याचं आवरण. पिल्लाला ते नसतं, पुढे काही वर्षांत हळूहळू वाढतं. नर हवेत एकमेकांवर ते आदळतात, अशा नोंदी आहेत. पण एकंदर त्याचा उपयोग वय, लिंग आणि ताकद दाखवण्यासाठी जास्त असावा. चोचीचा आणि मानेचा पिवळा रंग तर चक्क लावलेला असतो. शेपटीच्या बुडाशी एक तेलग्रंथी असते, तिचं पिवळसर तेल पक्षी पिसं साफ करता करता अंगाला चोपडत असतो. एवढी मोठी चोच पेलायची म्हणून मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जोडलेले असतात. पंखांच्या खालच्या बाजूला, पिसांच्या बुडांवर, इतर पक्ष्यांना जी छोट्या पिसांची झाकण असते ती धनेशांना नसते. त्यामुळे फटीफटींतून हवा सुसाटत जाते आणि प्रत्येक फडकाऱ्याला भस्स, भस्स असा आवाज येतो. दाट जंगलात महाधनेश आधी ऐकू येतो, मग दिसतो.

आता मूळ मुद्दा. एवढी दांडगी चोच असूनही महाधनेशाला झाडाला भोक पाडता येत नाही. सुतार पक्षी पाडतो, आपल्या गल्लीतला इवलासा तांबटही पाडतो. धनेश मात्र घरटं विणत नाही आणि ढोली कोरतही नाही. त्याला ती तयारच मिळावी लागते. ठाण्यात घर शोधणाऱ्याला बजेट, मजला, पार्किंग सगळं जुळवताना जे होतं तेच याचं होतं, फक्त याला बिल्डर नाही.

तयार ढोली म्हणजे काय, ते बघा. वादळात मोठी फांदी मोडते. जखमेतून बुरशी आत शिरते. खोडाचा मधला गाभा मृत लाकडाचा असतो, तो बुरशी हळूहळू कुजवते. बाहेरचा जिवंत थर शाबूत असल्यामुळे झाड मरत नाही, फक्त पोकळ होतं. या सगळ्याला अनेक वर्षं, बऱ्याचदा दशकं लागतात. त्यातही तीन किलोचा पक्षी, त्याचं पिल्लू आणि ती लांबलचक शेपटी मावायची तर जमिनीपासून खूप उंचावरसुद्धा खोड तेवढं जाड हवं. म्हणजे झाड शतकभराचं तरी हवं. भोक फार मोठं नको, नाहीतर बुजवता येत नाही. फार लहान नको, नाहीतर आत जाता येत नाही. तळ फार खोल गेलेला नको, कारण तळाशी बसलेल्या मादीची चोच तोंडापर्यंत पोचली पाहिजे. असं सगळं जुळलेली ढोली मिळाली की जोडी तिथे वर्षानुवर्षं परत येते. आणि मिळाली म्हणून ती आपलीच राहील असंही नाही. दुसरे धनेश, घोरपड, शेकरू, मधमाश्या, सगळेच टपलेले असतात.

आपल्या घाटात साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड बंद करायला घेते. गिलावा कशाचा? मुख्यतः तिच्याच विष्ठेचा, त्यात फळांचा चोथा आणि कुजलेल्या लाकडाचा भुगा. वाळला की तो कडक होतो. शेवटी चोच बाहेर येईल एवढीच एक उभी फट उरते.

इथे एक लोकप्रिय गोष्ट बाजूला ठेवायला हवी. नर संशयी असतो, म्हणून तो बायकोला कोंडून ठेवतो, असं बरेच जण सांगतात. माहितीपटांचं निवेदनही कधीकधी या गोष्टीकडे झुकतं. महाधनेशात भिंत बांधते ती मादी, आतल्या बाजूने, आणि वेळ आली की फोडते तीही तीच. जातीजातीत नराची मदत कमी-जास्त असते, काहींत तो चिखलाचे गोळे आणून देतो, पण ‘कैद’ हा शब्द इथे बसत नाही. बाहेर साप, माकडं, मार्जार कुळातले शिकारी आणि ढोली बळकवायला आलेल्या इतर धनेश माद्या असताना दार लावून घेणं शहाणपणाचंच आहे. भिंत नेमकी कोणत्या शत्रूमुळे उत्क्रांत झाली यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. मला स्वतःला इतर धनेशांपासून ढोली राखण्याचं कारण जास्त पटतं, कारण जी गोष्ट सगळ्यात दुर्मीळ तिच्यावरच सगळ्यात मोठं भांडण होणार.

आत गेल्यावर मादी एक किंवा दोन अंडी घालते. 38 ते 40 दिवस उबवते. याच काळात ती आपली उडण्याची पिसं जवळपास एकदमच गाळते. बाकीचे बहुतेक पक्षी पिसं एकेक करून बदलतात, नाहीतर उडणार कसे? हिला उडायचंच नसतं, त्यामुळे दरवर्षीचं हे काम बंद दाराआड उरकून घेतलं जातं. आत घाण साठू नये म्हणून ती फटीकडे शेपटी करून विष्ठा जोरात बाहेर फेकते. फट उभी असण्याचाही फायदा आहे: आतली गरम हवा वरच्या टोकातून बाहेर पडते, खालून ताजी हवा आत येते.

आणि या सगळ्या काळात घर चालवतो नर, एकटा. सुरुवातीला मुख्यतः वड-उंबर जातीची फळं, पिल्लू झालं की जोडीला सरडे, मोठे किडे, लहान पक्षी, उंदीर. तो फळं हातात धरल्यासारखी चोचीत धरून आणत नाही, गळ्यात भरून आणतो. खोडाला चिकटून बसतो आणि एकेक फळ वर काढून फटीतून आत सरकवतो. पिल्लाला उडता यायच्या आधीच मादी भिंत फोडून बाहेर येते, आणि मग ते पिल्लू, ज्याला हे कुणी शिकवलेलं नाही, स्वतः भिंत पुन्हा लिंपून घेतं. पुढे दोघं मिळून त्याला भरवतात. सुरुवातीपासून पिल्लू उडेपर्यंत सगळा प्रकार सुमारे चार महिन्यांचा, आणि त्याच्या शेवटी बाहेर पडतं बहुधा एकच पिल्लू. तेही प्रजननाला लायक व्हायला पुढे काही वर्षं जातात.

आता या हिशेबात एक गोळी घाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी नर मारला तर ढोलीत बसलेल्या मादीला ते कळायचा मार्ग नाही. ती भिंत फोडू शकते, पण पिसं गळालेली असतील तर जाणार कुठे? शिकाऱ्याच्या दृष्टीने एक पक्षी, जंगलाच्या दृष्टीने अख्खं कुटुंब. 2018 पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने महाधनेशाला ‘असुरक्षित’ गटात टाकलं आहे, त्यामागे जंगलतोड आणि शिकार ही दोन कारणं आहेत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहेच.

बोर्निओ-सुमात्राकडच्या शिरस्त्राणी धनेशाची गत आणखी वाईट. त्याचं शिरस्त्राण पुढून भरीव असतं, हस्तिदंतासारखं कोरता येतं, आणि त्या कोरीवकामासाठी चीनच्या बाजारात त्याला एवढी मागणी आली की 2015 मध्ये त्याची नोंद थेट ‘अतिसंकटग्रस्त’ गटात करावी लागली.

शिकार थांबवली तरी ढोलीचा प्रश्न उरतोच, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. ढोली ही काही एकदा झाली की कायमची टिकणारी गोष्ट नाही. कुजणं चालूच राहतं, तळ खाली खाली जातो. दुसरीकडे झाड जखम भरत राहतं, त्यामुळे तोंड आक्रसत जातं. एखाद्या वादळात झाडच पडतं. थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाद या संशोधिकेने 1978 पासून धनेशांवर काम केलं. त्यांच्या गटाच्या लक्षात आलं की जंगल आहे, पक्षी आहेत, पण वापरण्याजोग्या ढोल्या नाहीत. मग त्यांनी ढोल्यांची दुरुस्तीच सुरू केली. माणसं दोर लावून झाडावर चढतात, खचलेला तळ भर घालून वर आणतात, आक्रसलेलं तोंड रुंद करतात. पूर्वी पिल्लं चोरून विकणारे गावकरीच पुढे घरट्यांचे राखणदार झाले, आणि शहरातले लोक एकेक घरटं दत्तक घेऊन त्यासाठी पैसे देऊ लागले. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या भोवती 2011-12 च्या सुमारास याच धर्तीवर घरटं दत्तक योजना सुरू झाली. न्यिशी समाजातली, पूर्वी शिकार करणारी माणसं तिथे घरट्यांवर पहारा देतात. न्यिशींच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची खरी चोच असायची, आता बऱ्याच टोप्यांवर फायबरची असते. यातलं काहीच भाषणांनी झालेलं नाही, पगार आणि पर्याय दोन्ही मिळाले म्हणून झालं.

धनेशाला ‘जंगलाचा शेतकरी’ म्हणायची पद्धत आहे. ते बरोबर आहे, पण अर्धंच. सदाहरित जंगलातल्या कित्येक झाडांची फळं मोठी, बी मोठी. रानजायफळ घ्या, धूप घ्या. असं बी अख्खं गिळेल एवढा घसा फार थोड्या पक्ष्यांना असतो. धनेश गर पचवतो आणि बी न फोडता उलटून किंवा विष्ठेतून टाकून देतो, मूळ झाडापासून कधी काही शे मीटरवर, कधी काही किलोमीटरवर. आईच्या सावलीत पडलेल्या बीपेक्षा या बीला जगायची संधी जास्त. धनेश संपले तर अशी झाडं उद्या लगेच संपत नाहीत. जुनी उभी राहतात, नवी रोपं मात्र कमी होत जातात, आणि हे कळेपर्यंत एक-दोन पिढ्या निघून जातात.

उरलेलं अर्धं हे. विणीच्या काळात नराने आणलेल्या फळांच्या बिया ढोलीखाली ढिगाने पडतात. तिथे रोपांची इतकी दाटी होते की बहुतेक मरतात. अभ्यासकांना हा ढीग फार उपयोगाचा, मादीने काय काय खाल्लं ते त्यातून कळतं. जंगलाला त्याचा फायदा बेताचाच. आणि फॉरवर्ड होणारं ते वाक्य, ‘धनेश स्वतःच्या घराचं झाड स्वतःच लावतो’, ते तर सपशेल चूक निघू शकतं. पक्केमध्ये धनेशांची बहुतेक घरटी टेट्रामेलिस या एकाच प्रकारच्या उंच झाडावर सापडतात, आणि त्या झाडाचं बी बारीकसं, वाऱ्यावर उडणारं. त्यात धनेशाचा काडीचा वाटा नाही.

आता परत ठाण्यात येऊ, कारण आपल्या राखी धनेशाचंही अगदी असंच चालतं, फक्त लहान मापात. साधारण एप्रिल ते जूनमध्ये त्याची मादी गुलमोहर, पिंपळ, आंबा अशा एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. अन्नाची त्याला शहरात फार ददात नाही. वड, पिंपळ, उंबर आहेत, आणि सोसायटीच्या कुंपणाला लावलेली पिवळी बिट्टी आहे. बिट्टीचं फळ माणसाला, गुरांना विषारी. धनेश मात्र ते खातो. अडतं ते इथेही ढोलीपाशीच. तिला बाहेरून ओळखणं सोपं नाही. खोडावरच्या भोकात सुकलेल्या चिखलासारखा थर, मधे उभी फट, आणि दर थोड्या वेळाने एक राखी धनेश येऊन खोडाला चिकटतो, एवढीच काय ती खूण. खाली उभं राहून मोबाईल रोखला तर नर लांब बसून राहतो, ढोलीजवळ येत नाही. म्हणजे आपल्या फोटोपायी आतल्यांची एक पंगत चुकते.

आणि नेमक्या याच दिवसांत, मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीची छाटणी असते. पोकळ झाड म्हणजे धोकादायक झाड, असा आपला सरळ हिशेब. रस्त्यावर पडेल, गाडीवर पडेल, ही भीती खोटी नाही, दर पावसात झाडं पडतातच. पण पोकळ आणि पडायला आलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक ठरवायला झाडावर चढून बघणारा माणूस लागतो. महाराष्ट्रात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढचं झाड ‘वारसा वृक्ष’ धरलं जातं. शिवाय वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना उपद्रव देणं हे ‘शिकार’ या व्याख्येतच येतं. सोसायटीच्या सचिवाला एवढं सांगितलं तरी छाटणी जूनअखेरपर्यंत पुढे ढकलणं किंवा धोकादायक फांदी तेवढी काढून खोड ठेवणं यावर बोलणी होऊ शकतात. ढोल्यांमध्ये सिमेंट भरून ‘झाड वाचवणारे’ हौशी लोकही असतात. त्यांना प्रेमाने थांबवावं. सिमेंटने झाड बरं होत नाही, उलट आत पाणी अडतं, आणि धनेशाचं एक घर जातं.

कोकणात हाच प्रश्न मोठ्या मापात आहे. तिथलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं. एकीकडे देवरायांमध्ये जुनी, पोकळ, प्रचंड झाडं श्रद्धेमुळे टिकली, आणि महाधनेश, ककणेर तिथे घरटी करतात. दुसरीकडे काजू आणि रबराच्या लागवडीसाठी डोंगरच्या डोंगर साफ होतात. नवी लागवड हिरवी दिसते खरी, पण काजूच्या झाडात महाधनेश मावत नाही.

ज्यांना फोटोतला तो पिवळ्या चोचीचा खरोखर बघायचा आहे त्यांनी ठाण्याहून कोकण रेल्वे पकडून सावंतवाडीला उतरावं. आंबोली, दोडामार्गकडचं तिळारी, ही त्याची ठिकाणं. तिळारीला 2020 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आणखी खाली कर्नाटकात दांडेली आहे, तिथे काळी नदीच्या काठाने 2011 पासून खास धनेशांसाठीच राखीव क्षेत्र आहे. फळलेला वड किंवा उंबर गाठावा, सकाळी लवकर जावं, आणि ‘घरटं दाखवतो’ म्हणणाऱ्या गाईडला नाही म्हणावं. नर-मादी ओळखायला डोळा बघावा: नराचा लालभडक, मादीचा पांढुरका. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर लाल डोळ्याचाच दिसण्याची शक्यता जास्त, आणि गळा फुगलेला असेल तर त्याला अडवून ठेवू नका.